निर्णयाचा क्षण : क्लॉकवर चालणाऱ्या कंपॅरेटरची संवेदनशीलता कशी मोजतात?

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा बँकेच्या कामकाजाविषयी काही उपयुक्त माहिती लिहावी असा आमचा विचार होता. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि त्यातून आम्हांस एका अगदी वेगळ्या विषयाची ओळख झाली. तोच विषय वाचकांपुढे, विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावा असे वाटले. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेतील कारकुनाची. तेव्हा हा लेख तज्ज्ञाचा नाही. शिकता शिकता जे समजले ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आमची पुतणी इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता. चिप तयार करणाऱ्या एका कंपनीत ती मुलाखतीस गेली होती. तेथे तिला प्रश्न विचारला गेला, "कंपॅरेटर आपला निर्णय कोणत्या क्षणी घेतो?" ती म्हणाली, "क्लॉकचा ठोका पडतो त्या क्षणी." परीक्षकांनी पुढे विचारले, "तो क्षण किती लांबीचा? आणि त्या लांबीतील कोणत्या भागाला किती वजन?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हते. तिची निवड झाली नाही.

घरी आल्यावर ती आम्हांस म्हणाली, "काका, पुस्तकात एवढंच दिलं होतं. क्षणाला लांबी असते हे कुणी शिकवलंच नाही." त्यानंतर जवळजवळ तीन महिने रविवारी सकाळी आम्ही दोघे या एका प्रश्नापाशी बसलो. ती वाचून येई व आम्हांस सांगे. आम्हांस समजेपर्यंत तिला ते खरोखर समजले आहे असे आम्ही धरीत नव्हतो आणि तीही आमचे हे म्हणणे मान्य करी. प्रस्तुत लेख हे त्या रविवारांचे फळ आहे.

कंपॅरेटर म्हणजे काय?

दोन विद्युत दाबांची, म्हणजे व्होल्टेजची तुलना करून पहिला मोठा की दुसरा मोठा एवढेच सांगणारे जे छोटे सर्किट असते, त्यास कंपॅरेटर म्हणतात. त्याचे उत्तर दोनच शब्दांत असते : एक किंवा शून्य. 'थोडासा मोठा' किंवा 'जवळजवळ सारखा' असे उत्तर देण्याची त्यास मुभा नाही.

वाचकांना वाटेल की एवढ्याशा वस्तूचा एवढा विचार कशाला? परंतु तारेतून किंवा प्रकाशतंतूतून येणारा संदेश पलीकडे पोहोचतो तेव्हा तो झिजलेला, वेडावाकडा झालेला असतो. त्यातील प्रत्येक बिट एक आहे की शून्य, हे शेवटी कंपॅरेटरच ठरवितो. आमच्या बँकेतून पाठविलेली रक्कम दुसऱ्या शहरातील खात्यावर जमा होते, त्या प्रवासात असे निर्णय अगणित वेळा होतात. आवाज, तापमान, हृदयाचे ठोके अशा गोष्टींचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या यंत्रणांतही कंपॅरेटरच असतात. फ्लॅश पद्धतीच्या आठ बिटांच्या एका रूपांतरकात २५५ कंपॅरेटर लागतात.

क्लॉकवर चालणारा कंपॅरेटर सतत तुलना करीत नाही. क्लॉकचा प्रत्येक ठोका पडला की एकदा निर्णय देतो, मग पाटी पुसतो आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहतो. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध सर्किट 'स्ट्राँगआर्म लॅच' या नावाने ओळखले जाते. जपानमधील तोशिबा कंपनीच्या कोबायाशी व सहकाऱ्यांनी त्याची रचना मांडली व त्यांचा शोधनिबंध १९९३ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने आपल्या स्ट्राँगआर्म प्रोसेसरमध्ये ते वापरले आणि तेच नाव त्यास चिकटले.

ठोक्याच्या आत काय घडते?

बाजारातील भाजीवाली तागडीने तोलते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. दोन्ही पारडी पोत्यावर टेकलेली असतात तोवर त्यांत काय पडते, काय उचलले जाते, यावर दांडी हलत नाही. ती दोरी धरून तागडी उचलते. दांडी क्षणभर घुटमळते. त्या क्षणी एका पारड्यात एखादी मिरची पडली तरी दांडीचा कल बदलू शकतो. पण एकदा का एक पारडे खाली गेले, की मग दुसऱ्यात एक मिरची टाकून काहीही होत नाही. फरक एवढाच की तागडी पुन्हा वर येऊ शकते, कंपॅरेटर मात्र ठोका संपेपर्यंत आपला शब्द फिरवीत नाही.

स्ट्राँगआर्म लॅचमध्ये नेमके हेच घडते. क्लॉक खाली असतो तेव्हा दोन्ही आउटपुट पुरवठ्याच्या पूर्ण व्होल्टेजला बांधून ठेवलेले असतात. ही पारडी टेकलेली अवस्था. क्लॉक वर गेला की खालचा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि इनपुटचे दोन ट्रान्झिस्टर आपापल्या बाजूचा विद्युत भार ओढू लागतात. ज्या इनपुटचे व्होल्टेज थोडे जास्त, ती बाजू थोडी लवकर उतरते. पुरेसे अंतर उतरल्यावर एकमेकांस उलटसुलट जोडलेले ट्रान्झिस्टर जागे होतात. ते दोन बाजूंतील फरक स्वतःच वाढवू लागतात. शेवटी एक बाजू पूर्ण वर, दुसरी पूर्ण खाली. निर्णय झाला.

या शेवटच्या वाढीचा वेग चक्रवाढ व्याजासारखा आहे. जेवढा फरक साठलेला, तेवढ्याच प्रमाणात तो पुढे वाढतो. समजा दर ५ पिकोसेकंदांनी फरक दुप्पट होतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. १० पिकोसेकंदांत प्रकाशसुद्धा जेमतेम ३ मिलिमीटर जातो. १ मिलिव्होल्टचा फरक १ व्होल्ट व्हायला दहा दुप्पटी, म्हणजे ५० पिकोसेकंद लागतील. फरक १ मायक्रोव्होल्टच असेल तर वीस दुप्पटी, म्हणजे १०० पिकोसेकंद. फरक अगदीच शून्याजवळ असेल तर कंपॅरेटर बराच वेळ घुटमळत राहतो. या घुटमळण्यास मेटास्टेबल अवस्था म्हणतात. पुढे मोजमापासाठी आपण याच अवस्थेचा आधार घेणार आहोत, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

संवेदनशीलतेचा तक्ता

आता मुलाखतीतील प्रश्नाकडे येऊ. निर्णय एका बिंदूवर होत नाही. ठोका पडल्यानंतरच्या एका अल्पशा कालखंडात होतो. त्या कालखंडातील प्रत्येक क्षणाचे वजन वेगळे असते. इनपुटवर अगदी क्षणभराचा एक छोटा धक्का, म्हणजे आवेग दिला, तर अमुक क्षणी दिलेल्या धक्क्याने निर्णय किती झुकतो, याचा जो आलेख, त्यास इंग्रजीत 'इंपल्स सेन्सिटिव्हिटी फंक्शन' म्हणतात. आपण त्यास आवेग-संवेदनशीलतेचा तक्ता म्हणू. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अली हाजीमिरी व थॉमस ली यांनी १९९८ साली ही कल्पना ऑसिलेटरमधील दोष समजून घेण्यासाठी मांडली. पुढे २००८ व २००९ च्या सुमारास मेथा जीराडिट, जेहा किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लॉकवर चालणाऱ्या कंपॅरेटरसाठी ती कशी मोजावी हे दाखवून दिले.

आमच्यासारख्या बँकेच्या माणसास ही कल्पना बचत खात्यावरून चटकन समजली. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्याचे व्याज महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मिळत असे. ११ तारखेस कुणी हजार रुपये भरले तर त्या महिन्यात त्यावर एक पैसाही व्याज नाही. कितीतरी ज्येष्ठ खातेदार काउंटरवर येऊन विचारीत, "साहेब, पैसे तर वीस दिवस तुमच्याकडेच होते ना?" पैसे होते हे खरे, पण त्या दिवशी भरलेल्या पैशाला नियमात वजन नव्हते. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झाले आणि प्रत्येक दिवसाला सारखे वजन मिळाले.

आता अशी एक काल्पनिक बँक डोळ्यांपुढे आणा, जी वेगवेगळ्या दिवसांना वेगवेगळे वजन देते, पण तो तक्ता खातेदारास दाखवीत नाही. तक्ता कसा शोधून काढावा? पहिला मार्ग : एका दिवसापुरते शंभर रुपये भरावेत, दुसऱ्या दिवशी काढावेत आणि व्याज किती पडले ते पाहावे. हा झाला आवेग. पण वार्षिक ३ टक्के दराने शंभर रुपयांचे एका दिवसाचे व्याज एक पैसासुद्धा होत नाही. ते पूर्णांकात बुडून जाते. दुसरा मार्ग : ५ तारखेस शंभर रुपये भरून तसेच ठेवावेत आणि व्याज पाहावे. मग त्याऐवजी ६ तारखेस भरून ठेवले असते तर किती पडले असते ते पाहावे. दोन्हींतील फरक म्हणजे ५ तारखेचे वजन. भरून तसेच ठेवणे यास अभियंते 'स्टेप', म्हणजे पायरी म्हणतात. एकेका पायरीचा परिणाम चांगला मोठा असतो, म्हणून तो नीट मोजता येतो. लागोपाठच्या दोन पायऱ्यांच्या वजाबाकीतून आवेगाचे वजन निघते.

कंपॅरेटरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तो व्याजाचा आकडा सांगतच नाही. तो फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणतो. त्यावर तोड अशी, की पायरीचा परिणाम नेमका रद्द होईल एवढे उलट व्होल्टेज इनपुटला द्यायचे. तागडी समतोल व्हावी म्हणून दुसऱ्या पारड्यात वजने ठेवावीत तसे. किती वजने ठेवली म्हणजे दांडी घुटमळते, तोच आपल्याला हवा असलेला आकडा.

संगणकावर सिम्युलेशन कसे करतात?

इतक्या अल्प काळातील घडामोड प्रत्यक्ष चिपवर मोजणे फार अवघड व खर्चाचे. शिवाय चिप तयार होण्यापूर्वीच उत्तर हवे असते. म्हणून सर्किटचे वर्णन संगणकास देऊन त्याचे वागणे गणिताने काढतात. यालाच सिम्युलेशन म्हणतात. या कामासाठीचा 'स्पाइस' हा मूळ प्रोग्राम अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नागेल यांनी तयार केला व तो १९७३ साली जाहीर झाला. विद्यापीठाने तो इतरांस मुक्तपणे वापरू दिला, ही गोष्ट आमच्या मते त्याच्या गणिताइतकीच मोठी आहे. आजचा 'एनजी-स्पाइस' हा विनामूल्य प्रोग्राम त्याच घराण्यातला.

कृती पुढीलप्रमाणे :

पहिली पायरी. कंपॅरेटरला क्लॉकचे दोन-तीन ठोके आधी देऊन तो नेहमीच्या लयीत येऊ द्यावा. पाटी नीट पुसली गेली नसेल तर मागच्या निर्णयाचा अंश पुढच्या निर्णयात मिसळतो.

दुसरी पायरी. दोन्ही इनपुटमधील फरकात एक छोटी पायरी द्यावी, समजा १० मिलिव्होल्टची. ती ज्या वेळी चढते ती वेळ क्लॉकच्या चढत्या कडेपासून मोजावी.

तिसरी पायरी. त्यासोबत एक स्थिर उलट व्होल्टेज द्यावे व कंपॅरेटर एक म्हणतो की शून्य ते पाहावे. एक म्हटले तर उलट व्होल्टेज वाढवावे, शून्य म्हटले तर कमी करावे. दर वेळी उरलेल्या अंतराचे दोन भाग करावेत. दहा वेळा असे केले की १० मिलिव्होल्टचे अंतर सुमारे ०.०१ मिलिव्होल्टवर येते. जेथे उत्तर पालटते तो समतोलाचा आकडा लिहून ठेवावा.

चौथी पायरी. पायरी चढण्याची वेळ थोडी पुढे सरकवावी व पुन्हा तेच करावे.

केवळ समजण्यासाठी आम्ही येथे एक सोपे उदाहरण देतो. सर्किट पूर्ण समतोल आहे, म्हणजे त्याचा स्वतःचा कल कोणत्याच बाजूस नाही, असे धरले आहे. वेळ पिकोसेकंदांत व उलट व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये आहे.

ठोक्याच्या २० आधी : १०.०
ठोक्यावर : ९.८
१० नंतर : ८.८
२० नंतर : ६.०
३० नंतर : २.६
४० नंतर : ०.७
५० नंतर : ०.१
६० नंतर : ०

हे आकडे नीट पाहा. ठोक्याच्या बरीच आधी पायरी चढली तर ती पूर्णच्या पूर्ण मोजली जाते, म्हणून ती रद्द करायला पूर्ण १० मिलिव्होल्ट लागतात. ६० पिकोसेकंद उशिरा चढली तर निर्णय होऊन गेलेला असतो, रद्द करण्यासारखे काही उरतच नाही. आता लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करा : ०.२, १.०, २.८, ३.४, १.९, ०.६, ०.१. बेरीज बरोबर १०. टक्क्यांत सांगायचे तर २, १०, २८, ३४, १९, ६ आणि १. हाच आपला संवेदनशीलतेचा तक्ता. यातील ८१ टक्के वजन ठोक्यानंतरच्या १० ते ४० पिकोसेकंदांत आहे. प्रत्यक्ष ठोक्याच्या क्षणापाशी वजन अगदी थोडे आहे. 'ठोका पडतो त्या क्षणी' हे आमच्या पुतणीचे उत्तर का अपुरे ठरले, ते या तक्त्याने एका नजरेत सांगितले.

प्रत्यक्षात वेळ दर २ पिकोसेकंदांनी सरकवितात. २० आधीपासून ६० नंतरपर्यंत ४१ जागा आणि प्रत्येक जागी बारा वेळा दोन भाग, म्हणजे ४९२ वेळा सिम्युलेशन. साध्या संगणकास हे काम काही अवघड नाही. छोटा प्रोग्राम लिहून रात्री लावून दिला की सकाळी उत्तर तयार.

आमचा फसलेला आलेख

पहिल्या रात्रीनंतर जो आलेख निघाला तो टेकडीसारखा न येता करवतीच्या दात्यांसारखा आला. काही ठिकाणी वजन शून्याच्याही खाली गेले. पुतणी निराश झाली. तिला वाटले की सर्किटच चुकले. आम्हांस सर्किट कळत नव्हते, पण कॅशचा हिशेब जुळला नाही तर आधी बेरीज तपासायची असते एवढे कळत होते. म्हणून आम्ही विचारले, "अगं, हा संगणक आकडे किती दशांशांपर्यंत खरे धरतो?"

तेथेच चूक सापडली. स्पाइस प्रोग्राममध्ये, आपण दुसरे काही सांगितले नाही तर, हजारात एक एवढी तफावत चालवून घेतली जाते. १ व्होल्टच्या हजाराव्या भागास १ मिलिव्होल्ट म्हणतात. आणि आपण शोधत होतो ०.०१ मिलिव्होल्टचा फरक! ढोबळ काट्यावर सोने तोलल्यासारखे झाले होते. तिने ही तफावत दहा लाखात एक इतकी आवळली, वेळेचे पाऊल ०.१ पिकोसेकंदापेक्षा मोठे पडू नये असे बंधन घातले आणि पायरी चढण्यास लागणारा वेळ १ पिकोसेकंदावर आणला. दुसऱ्या सकाळी गुळगुळीत टेकडी निघाली.

त्यानंतर तिने दोन पडताळे घेतले, ते विद्यार्थ्यांनी अवश्य शिकून घ्यावेत. एक, सर्व वजनांची बेरीज १०० टक्के येते का? न आल्यास वेळेचा पट्टा अपुरा आहे. दुसरा, १० ऐवजी २० मिलिव्होल्टची पायरी दिली तर सगळे आकडे बरोबर दुप्पट होतात का? झाले नाहीत तर पायरी फार मोठी आहे आणि सर्किट सरळ प्रमाणात वागण्याची मर्यादा ओलांडली गेली आहे. हा सारा तक्ता लहान धक्क्यांपुरताच खरा असतो.

याशिवाय दुसरी वाट आहे. जेहा किम व सहकाऱ्यांनी कंपॅरेटरकडे असे पाहिले की तो प्रत्येक ठोक्यास तेच तेच करणारे, पण ठोक्याच्या आत क्षणोक्षणी बदलणारे यंत्र आहे. आधी संगणकाने त्याची ठोक्यागणिक पुन्हा येणारी स्थिर लय शोधायची, मग त्या लयीवर सूक्ष्म धक्क्यांचा परिणाम थेट गणिताने काढायचा. यात शेकडो वेळा दोन भाग करीत बसावे लागत नाही आणि सर्किटमधील प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या स्वतःच्या खरखरीचाही हिशेब मिळतो. मात्र ही सोय पूर्ण स्वरूपात मुख्यतः महागड्या व्यावसायिक प्रोग्राममध्ये असते. आधी सांगितलेली पायरीची पद्धत हाताशी असलेल्या साधनांनी करता येते, म्हणून शिकणाऱ्यास ती अधिक जवळची.

याचा उपयोग काय?

तक्त्याची रुंदी ही रचनाकाराच्या हातातील महत्त्वाची गोष्ट आहे. सेकंदाला १००० कोटी बिट येत असतील तर एक बिट १०० पिकोसेकंद टिकतो. आपल्या उदाहरणातील ३० पिकोसेकंदांचा पट्टा त्यात सहज बसतो. पण सेकंदाला ५६०० कोटी बिट आले तर एक बिट जेमतेम १८ पिकोसेकंदांचा. मग तोच कंपॅरेटर शेजारच्या बिटांचे बोलणेही आपल्या निर्णयात मिसळून घेईल. पट्टा अरुंद हवा.

मग पट्टा शक्य तितका अरुंदच का करू नये? कारण खरखर. कोणत्याही वाहकात उष्णतेमुळे विद्युत भार सतत थरथरत असतो. बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन व नायक्विस्ट यांनी १९२८ साली याचे मोजमाप व गणित प्रसिद्ध केले. १० फेम्टोफॅरडच्या चिमुकल्या कपॅसिटरवर सामान्य तापमानास ही थरथर सुमारे ०.६४ मिलिव्होल्ट असते. ती निम्मी करायची तर कपॅसिटर चौपट हवा, म्हणजे वेग कमी आणि विजेचा खर्च जास्त. इनपुटबरोबर येणाऱ्या खरखरीचेही तसेच. पट्टा रुंद असला तर तिचे चढउतार एकमेकांस काही अंशी खोडून काढतात, अरुंद पट्ट्यात ती संधी मिळत नाही. एका बाजूस शेजाऱ्यांची सरमिसळ, दुसऱ्या बाजूस खरखर. या दोहोंतील मध्य गाठायचा तर तक्ता हाती असावाच लागतो.

चुकीची शक्यताही यातूनच निघते. खरखर १ मिलिव्होल्ट धरली आणि संदेश सीमेपासून ७ मिलिव्होल्ट दूर असला, तर चुकीचा निर्णय सुमारे एक लाख कोटींत एकदा होतो. ऐकायला फार थोडे वाटते. पण सेकंदाला १००० कोटी निर्णय होत असतील तर दर शंभर सेकंदांस एक चूक! अशा चुका पकडण्याच्या व सुधारण्याच्या योजना पुढे असतात, म्हणूनच आपल्या खात्यावरचे आकडे बदलत नाहीत. पण पहिली राखण कंपॅरेटरची. तो जितका सावध, तितका पुढच्यांवरील भार हलका.

विद्यार्थी मित्रांनो,

या सर्वांतून तुमच्यासाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली ही, की या अभ्यासासाठी आज पैशाची अडचण पूर्वीसारखी राहिलेली नाही. मुंबईच्या आय.आय.टी.मधील फॉसी प्रकल्पाने 'ई-सिम' हा सर्किट सिम्युलेशनचा प्रोग्राम विनामूल्य उपलब्ध करून दिला आहे व त्याच्या पोटात एनजी-स्पाइसच आहे. २०२० साली गुगल व स्कायवॉटर या कंपन्यांनी १३० नॅनोमीटर तंत्राच्या ट्रान्झिस्टरांची माहितीही सर्वांसाठी खुली केली. जुन्या संगणकावरसुद्धा हे सर्व चालते. आमची पुतणी आता शनिवारी सायंकाळी आपल्या अभ्यासिकेत बसते. ज्यांना स्ट्राँगआर्म लॅचचा तक्ता स्वतः काढून पाहायचा आहे त्यांनी वही घेऊन यावे, ती हात धरून शिकवील.

दुसरी गोष्ट अशी, की 'हा विषय आपला नाही' असे कुणी सांगितले तर एकदम मान्य करू नका. शाळेत गणिताच्या तासाला आम्ही मागच्या बाकावर बसत होतो आणि पुढे भीतीने ती वाटच सोडली. वयाच्या चाळिशीनंतर कळले की जे वजाबाकी जाणतात आणि 'का?' असे विचारायला लाजत नाहीत, त्यांना या विषयाच्या दारातून आत येता येते. पुढच्या दालनांसाठी गणित लागते, ते तुम्ही शिकालच.

गेल्या महिन्यात पुतणी दुसऱ्या एका कंपनीत मुलाखतीस जाऊन आली. निकाल अजून यायचा आहे. तिने आपला टेकडीचा आलेख बरोबर नेला होता. "निर्णय केव्हा होतो?" असे या वेळी कुणी विचारलेच नाही, म्हणून ती थोडी हिरमुसली होती. मग तिने आपण होऊन तो आलेख समोर ठेवला आणि अर्धा तास त्याच्यावरच बोलणे झाले. निकाल काहीही लागो, तो अर्धा तास तिने स्वतःच्या कष्टाने मिळविलेला आहे. आपल्या वस्तीतील आणखी एखाद्या मुलास वा मुलीस असा अर्धा तास लाभला, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.